धागे मोजणारी कसुती

लुगडे इलकलचे (म्हणजेच इरकल), खण गुळेदगुड्डचा आणि लुगड्यावरचे कसुतीचे भरतकाम धारवाड-हुबळीच्या बायकांचे. 1956 पर्यंत धारवाड मुंबई राज्यात होते. त्यामुळे इरकल आणि खण मराठी घरांना परके कधी नव्हतेच. कसुती मात्र आपल्याकडे कमीच ओळखली गेली.

कापडावर आधी रेघ नाही, छापा नाही. ताण्याबाण्याचे धागे मोजत सुई चालते. टाके 4. गवंतीत सुई धावदोरा घालत पुढे जाते आणि परतताना मोकळ्या जागा भरते. दोऱ्याला गाठ मारायची नाही, त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच उमटते. मुरगीही तशीच, पण पायऱ्यापायऱ्यांची. नेगी विणल्यासारखी दिसते, मेंथी म्हणजे फुलीचा टाका. गोपुर, रथ, अंबारीचा हत्ती, तुळशीवृंदावन, सगळे यातूनच.

सारी नक्षी चौकटींत बसते, म्हणून ती आलेख-कागदावर आणि संगणकाच्या पडद्यावर सहज उतरते. कुर्ते, ओढण्या, स्टोल, उशांचे अभ्रे, पिशव्या यांवर आज कसुती दिसते ती त्यामुळेच. तिला भौगोलिक मानांकनही आहे. तरी यंत्राचे काम कसुती म्हणून खपवले जाते, आणि धागे मोजणारीच्या कष्टांवर हा सरळ अन्याय आहे.

घेताना कापड उलटून बघा. मागे गाठी किंवा चिकटवलेले अस्तर असेल, तर शंका घ्या. नेगी आणि मेंथीची मागची बाजू वेगळी दिसतेच; तेवढ्यावरून कारागिरणीला दोष देऊ नका.