पीएफचे बहात्तर तास

कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या पीएफ ऑफिसने, अलीकडे केलेल्या सुधारणा नुसत्या कागदावरच्या नाहीत. आजारपण, लग्न, शिक्षण, घर यांसाठी काढायच्या आगाऊ रकमेचा क्लेम आता माणसाचा हात न लागता तीन दिवसांत मंजूर होऊ शकतो. त्याची मर्यादा मे २०२४ मध्ये ५० हजारांवरून एक लाखावर आणि जून २०२५ मध्ये पाच लाखांवर गेली. २०२३-२४ मध्ये असे ८९.५२ लाख क्लेम निघाले होते, पुढच्याच वर्षी २.३४ कोटी. चेकचा फोटो अपलोड करण्याची कटकट संपली. तरीही ‘बहात्तर तासांत पैसे’ ही बातमी वाचून नोकरदार नाक मुरडतो. त्याच्या शंकेला आधार आहे, आणि तो संघटनेच्याच आकड्यांत सापडतो.

२०२२-२३ मध्ये अंतिम रक्कम काढण्यासाठी ७३.८७ लाख क्लेम आले आणि त्यांतले २४.९३ लाख फेटाळले गेले. तीनातला एक. २०१७-१८ मध्ये हे प्रमाण सुमारे १३ टक्के होते. म्हणजे ज्या काळात सगळे ऑनलाइन होत गेले, त्याच काळात नकार वाढले. याचे कारण अनाकलनीय नाही. पूर्वी कागद आधी कंपनीत तपासले जात, चूक तिथेच सापडे; आता सभासद थेट पोर्टलवर अर्ज करतो आणि आधारवरच्या नावात एक अक्षर इकडचे तिकडे असले तरी अडकतो. महाराष्ट्रात तर नाव, वडिलांचे नाव, आडनाव हा क्रम प्रत्येक कागदावर वेगळा, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचे माहेरचे नाव कंपनीच्या नोंदीत, सासरचे आधारवर. फेटाळलेला क्लेम दुरुस्त करून पुन्हा भरला की तो नवा क्लेम ठरतो आणि दिवसांची मोजणी पहिल्यापासून सुरू होते. संघटना मोजते ते एका अर्जाचे दिवस. सभासद मोजतो ते पहिल्या अर्जापासून पैसे खात्यात पडेपर्यंतचे. दोघांचेही गणित बरोबर असते, म्हणूनच एकमेकांना ते खोटे वाटते.

यावर संघटनेची बाजू अशी मांडता येईल की लोकांच्या आयुष्यभराच्या कमाईची राखण करायची तर तपासणी कडक हवीच. चुकीच्या माणसाला पैसे गेले तर बोल तिलाच लागणार. मान्य. पण तपासणी कडक असणे आणि एकेका वेळी एकेक त्रुटी काढत बसणे यांत फरक आहे. क्लेम पहिल्याच वेळी नीट तपासावा आणि फेटाळण्याची सगळी कारणे तेव्हाच कळवावीत, अशी सूचना कार्यालयांना द्यावी लागली होती. तक्रार मनची असती तर अशी सूचना निघाली नसती. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे आकडे जुने, त्यानंतर बरेच बदलले. खरेच बदलले. ऑक्टोबर २०१७ नंतर मिळालेला आणि आधारशी पडताळलेला यूएएन (सभासदाचा सार्वत्रिक खाते क्रमांक) असेल तर नाव, जन्मतारीख आता सभासद स्वतः दुरुस्त करू शकतो. ज्यांची नोकरी त्याआधीची, म्हणजे ज्यांची शिल्लक साहजिकच मोठी, त्यांना मात्र अजून कंपनीची मान्यता लागते. कंपनीच बंद पडली असेल तर विचारायलाच नको. शिवाय यंत्राने झटपट निघणारे क्लेम हे आगाऊ रकमेचे आहेत. नोकरी सुटल्यानंतरचा हिशेब, वारसाचा दावा, पेन्शन हे अवघड काम त्या वेगाच्या बाहेर राहते, आणि जाहिरात वेगाची होते.

ऑक्टोबर २०२५ मधल्या निर्णयांनी या अविश्वासात भरच घातली. ‘शंभर टक्के रक्कम काढता येणार’ असा मथळा झळकला. पण २५ टक्के किमान शिल्लक ठेवायची आणि नोकरी गेल्यावर पूर्ण हिशेबासाठी दोनऐवजी बारा महिने थांबायचे, हे त्याच निर्णयात होते. ७५ टक्के लगेच मिळणार, हे खरे, आणि म्हातारपणासाठी काही शिल्लक राहावी हा विचारही गैर नाही. मग तो तसा सांगायला काय हरकत होती? पेन्शनरांची नाराजी थोडी वेगळी ठेवायला हवी. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन दरमहा एक हजार रुपयांवर आहे. ती कुठल्याही बँकेत जमा होण्याची सोय झाली तरी वाढत नाही. हा प्रश्न सेवेचा नसून सरकारच्या धोरणाचा आहे, त्याचे खापर पोर्टलवर फोडणे अन्यायाचे होईल.

पीएफ योजनेच्या परिच्छेद ७२(७) मध्ये क्लेम निकाली काढायला वीस दिवसांची मुदत लिहिलेली आहे. पुरेशा कारणाविना ती उलटली तर १२ टक्के दराने व्याज लावून ते आयुक्ताच्या पगारातून कापण्याचीही तरतूद आहे. संघटनेने आता प्रत्येक प्रादेशिक कार्यालयागणिक तीन गोष्टी दर महिन्याला जाहीर कराव्यात: पहिल्या अर्जापासून पैसे मिळेपर्यंत लागलेले दिवस, फेटाळलेल्या क्लेमची कारणे, आणि हे व्याज किती वेळा लावले गेले.