विश्लेषण : वॉशिंग मशीनचा ड्रायर फिरेना? ‘मोटर गेली’ म्हणण्याआधी काय तपासावे आणि काय कधीच करू नये?

आषाढात संत ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरी येथे सोलापूर जिल्ह्यात येते आणि पुढे नातेपुते येथे मुक्काम करते. माळशिरस तालुका तसा कमी पावसाचा. पण या दिवसांत आभाळ भरलेले असते, घरात पाहुण्यांची वर्दळ असते आणि दोरीवरचे कपडे वाळता वाळत नाहीत. नेमका अशाच वेळी वॉशिंग मशीनचा ड्रायर ‘घूंऽऽ’ असा आवाज करून जागच्या जागी थांबतो. ‘मोटर गेली’ असे निदान होते आणि हजारांच्या खर्चाची तयारी सुरू होते. अनेकदा बिघाड मात्र एखाद्या छोट्या भागात असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, घाईत केलेली एक चुकीची दुरुस्ती घरातल्या लहान मुलांच्या हातावर बेतू शकते.

आपल्याकडचा ‘ड्रायर’ म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे बहुतेक घरांत ड्रायर म्हणजे सेमी ऑटोमॅटिक मशीनमधला दुसरा, अरुंद टब. त्यात गरम हवा नसते. टब मिनिटाला साधारण १३०० ते १४०० फेरे घेतो आणि त्या वेगाने कपड्यांतले पाणी भोकांतून बाहेर फेकले जाते. युरोप-अमेरिकेतील घरांत असतो तो गरम हवेचा ड्रायर वेगळा. मोबाइलवर ‘ड्रायर दुरुस्ती’ शोधले की बरेच व्हिडिओ त्याच यंत्राचे दिसतात. त्यातले हीटर, थर्मल फ्यूज किंवा धाग्यांचा कचरा अडवणारी जाळी हे भाग आपल्या ड्रायरमध्ये नसतातच. त्यामुळे शोधताना ‘सेमी ऑटोमॅटिक स्पिन’ असे लिहिलेले बरे.

आत कोणकोणते भाग असतात?

धुण्याची मोटर वेगळी आणि ड्रायरची वेगळी असते. म्हणूनच कपडे धुतले जातात, पण ड्रायर चालत नाही, असे होऊ शकते. ड्रायरचा वीजप्रवाह टायमर आणि झाकणाखालचा सेफ्टी स्विच या दोन्हींतून मोटरपर्यंत जातो. झाकण उघडे असेल तर हा स्विच प्रवाह तोडतो. मोटरला जोडलेला कॅपॅसिटर, ज्याला मेकॅनिक मंडळी ‘कंडेन्सर’ म्हणतात, तिला फिरायला लागणारा जोर देतो. मोटरवर ब्रेक असतो. झाकण बंद केले की एक वायर ओढली जाऊन ब्रेक सुटतो. झाकण उघडले की स्प्रिंगच्या जोराने तो लागतो. टबाचा दांडा जिथून खाली मोटरकडे जातो, तिथे पाणी अडवणारे रबरी सील असते.

आवाजच येत नसेल तर?

आधी सोप्या गोष्टी पाहाव्यात. सॉकेटमध्ये वीज आहे का, झाकण पूर्ण बसले आहे का, टायमर फिरवला आहे का? धुण्याची बाजू चालते, पण ड्रायर पूर्ण गप्प आहे, असे असेल तर संशय झाकणाचा स्विच, ड्रायरचा टायमर किंवा त्यांच्यामधल्या वायरवर जातो. उंदरांनी वायर कुरतडणे हेही नेहमीचे कारण आहे. मशीन खालून उघडे असेल तर जाळी बसवून घ्यावी. काही मोटारींमध्ये जास्त तापल्यावर प्रवाह तोडणारी सोय असते. सलग चार-पाच वेळा ड्रायर लावल्यानंतर तो बंद पडला असेल, तर अर्धा-पाऊण तास थांबून पुन्हा पाहावे.

‘घूं’ आवाज येतो, पण टब फिरत नाही?

याचा अर्थ मोटरपर्यंत वीज पोहोचते आहे. लगेच टायमर शून्यावर आणून प्लग काढावा. अडकलेली मोटर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह ओढते आणि तशीच चालू ठेवली तर खरोखरच जळते.

अशा वेळी तीन कारणे मुख्य असतात. पहिले, रुमाल, मोजा किंवा लहान मुलाचे टोपडे टबाच्या कडेवरून घसरून बाहेरच्या भांड्यात अडकलेले असते. प्लग काढून, टॉर्चच्या उजेडात ते दिसते. दुसरे, ब्रेकची वायर तुटलेली किंवा सैल झालेली असते. त्यामुळे झाकण बंद करूनही ब्रेक सुटत नाही. तिसरे, कॅपॅसिटर कमजोर झालेला असतो. मागचे कव्हर काढून ब्रेक हाताने सोडवला आणि टब सहज फिरला, तर कॅपॅसिटरवर संशय घट्ट होतो. टब तरीही जड फिरत असेल, तर सील किंवा मोटरचे बुश पाहावे लागतात.

कॅपॅसिटर साधारणपणे शे-दोनशे रुपयांच्या घरातला भाग आहे. नवी मोटर हजारांत जाते. म्हणून मोटर बदलण्याआधी कॅपॅसिटर मीटरवर तपासून घ्यावा, असा आग्रह ग्राहकाने धरायला हवा. नवा कॅपॅसिटर जुन्यावर लिहिलेल्या मायक्रोफॅरड आणि व्होल्टच्या आकड्यांशी जुळणाराच हवा. ‘थोडा मोठा टाकला की जोरात फिरेल’ हा समज चुकीचा आहे. त्याने मोटर तापते.

व्होल्टेजचा यात काय संबंध?

अशा मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. घरात २३० ऐवजी १८० व्होल्ट येत असतील, तर जोर साधारण ६० टक्क्यांवर येतो. म्हणून संध्याकाळी न फिरणारा ड्रायर पहाटे नीट चालला, तर दोष मशीनचा नसून विजेचा असू शकतो. दिवे मंद असताना ड्रायर लावण्याचा हट्ट करू नये. हा त्रास रोजचाच असेल, तर महावितरणकडे तक्रार नोंदवणे हाच उपाय.

मशीन थडथड उडते, कपडे ओलेच राहतात?

बहुतांशी दोष कपडे भरण्यात असतो. एकच जड चादर किंवा जीन्स एका बाजूला गेली की टबाचा तोल जातो. कपडे चारही बाजूंनी सारखे दाबून बसवावेत आणि वर प्लॅस्टिकची जाळीदार चकती ठेवावी. ती चकती ‘उगीच दिलेली’ नसते. कपडा वर उडून बाहेर अडकू नये म्हणून ती असते. मशीनचे चारही पाय फरशीवर टेकले आहेत का, तेही पाहावे. एवढे करूनही आदळआपट थांबली नाही, तर मोटरखालची स्प्रिंग तुटलेली किंवा कपलिंगचा स्क्रू ढिला झालेला असू शकतो.

टब फिरतो, पण कपडे निथळत नाहीत, तेव्हा ड्रेन पाइप पाहावा. पाइप उंचावर टेकवलेला, मुरगळलेला किंवा धाग्यांनी तुंबलेला असेल, तर पाणी खालीच साचते आणि टब त्या पाण्यातच फिरत राहतो. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल, तर पाइप आणि सीलवर पांढरा थर लवकर चढतो.

सर्वांत मोठा धोका कोणता?

सेफ्टी स्विच खराब झाला की त्याच्या दोन वायरी थेट जोडून टाकण्याचा ‘जुगाड’ सर्रास चालतो. मशीन लगेच सुरू होते, खर्चही वाचतो. पण त्यानंतर झाकण उघडले तरी मोटर बंद होत नाही. ब्रेकची पट्टी झिजलेली असेल, तर टब बराच वेळ फिरत राहतो.

पंचवीस सेंटिमीटर व्यासाचा टब मिनिटाला १३५० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या पुढे असतो. कपड्याचे टोक हातात धरलेले असताना ते टबात गुंडाळले गेले, तर हात सोडवायला क्षणही मिळत नाही. फिरता टब कपड्याने किंवा हाताने दाबून थांबवण्याची सवय म्हणूनच घातक आहे. झाकण उघडल्यावर टब १५ सेकंदांत थांबला नाही, तर मशीन वापरणे बंद करून ब्रेक दुरुस्त करावा, अशी सूचना अनेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत असते. स्विच आणि ब्रेक हे दोन्ही भाग स्वस्त आहेत. ते टाळून वाचणारे पैसे फार थोडे आहेत.

दुसरा धोका शॉकचा. रबरी सील फाटले की पाणी थेट मोटरवर ठिबकते. ड्रायरच्या बाजूने मशीनखाली ओल दिसली किंवा अंगाला झिणझिण्या आल्या, तर मशीन त्याच क्षणी बंद करावे. तीन पिनी प्लगची मोठी पिन खरोखर अर्थिंगला जोडलेली आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवणे अधिक सुरक्षित.

घरी काय करावे, मेकॅनिकवर काय सोडावे?

प्लग काढून अडकलेला कपडा काढणे, ड्रेन पाइप साफ करणे, मशीन समपातळीत आणणे ही कामे घरी करता येतात. मागचे कव्हर उघडून करायची कामे मात्र जाणकारावरच सोडावीत. प्लग काढल्यानंतरही कॅपॅसिटरमध्ये काही काळ विद्युतभार टिकू शकतो आणि त्याला हात लागल्यास झटका बसतो.

मेकॅनिककडून काय मागावे?

नातेपुतेसारख्या गावात कंपनीचा माणूस बाहेरगावाहून येईपर्यंत दिवस जातात, त्यामुळे स्थानिक मेकॅनिकच आधार असतो. वॉरंटी चालू असेल तर मात्र आधी कंपनीकडेच तक्रार नोंदवावी. स्थानिक दुरुस्तीतही बदललेला जुना भाग परत मागावा आणि भागाचे नाव लिहिलेली पावती घ्यावी. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीची आणि सुट्या भागांची कंपन्यांकडची माहिती ग्राहकाला एका ठिकाणी मिळावी, हा त्याचा हेतू. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते.

आणि पैसे देण्यापूर्वी एक चाचणी मेकॅनिकसमोरच करावी. रिकामा ड्रायर सुरू करावा, हात लांब ठेवून झाकण उघडावे आणि सेकंद मोजावेत. मोटर लगेच बंद झाली आणि टब १५ सेकंदांच्या आत थांबला, तरच ड्रायर दुरुस्त झाला असे समजावे.