मुदत उलटलेल्या रोलमध्ये काय उरते?

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणि कोडॅकची कच्ची फिल्म मागवली. फिल्मला कडेची भोके नव्हती. ती अंधारात बसून त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई पाडत. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवले आणि पहिल्या महायुद्धात कच्च्या फिल्मची चणचण सोसली. आज त्याच नाशिकात एखाद्या माळ्यावरच्या पेटीतून मुदत संपलेला रोल निघाला, तर तो फेकायचा की कॅमेऱ्यात भरायचा?

फिल्मवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे स्फटिक असतात. प्रकाश पडला की स्फटिकात चांदीचे मोजके अणू एकत्र येतात आणि रोल धुताना डेव्हलपर तेवढ्या खुणेवरून अख्ख्या स्फटिकाची चांदी करतो. पण अशी खूण प्रकाशावाचूनही उमटते. उष्णता आणि अवकाशातून येणारे किरण डबी बंद असतानाही आपले काम करत राहतात. मग निगेटिव्हवर राखाडी झाक चढते, हाच फॉग. रंगीत रोलचे तीन थर तर तीन वेगांनी म्हातारे होतात, म्हणून फोटोचे रंग भलतीकडेच झुकतात.

डबीवरच्या तारखेपेक्षा रोल कुठे पडून होता, हे विचारा.

स्वीडनचा आन्द्रे १८९७ मध्ये बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला, तो परतला नाही. त्याच्या तुकडीने काढलेले रोल १९३० मध्ये बर्फाळ बेटावर सापडले आणि ३३ वर्षांनी धुऊनही ९३ फोटो हाती लागले. नाशिकच्या मे महिन्यात लोखंडी कपाटात तापलेल्या रोलकडून ही अपेक्षा ठेवू नये.

खरेदी करताना कृष्णधवल आणि कमी आयएसओचा, म्हणजे प्रकाशाला कमी संवेदनशील रोल निवडावा. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ मिळाला तर तो जुनाच असणार; कारखाना केव्हाच बंद पडला. कोडॅक्रोम मात्र रंगीत फोटोंसाठी घेऊ नये. ते धुणाऱ्या शेवटच्या प्रयोगशाळेने २०१० अखेर नवे रोल घेणे थांबवले.

छायाचित्रकारांचा ठोकताळा असा, की दर दहा वर्षांमागे प्रकाश दुप्पट द्यावा. तीस वर्षे जुना १०० आयएसओचा रोल साधारण १२ चा समजावा. अ‍ॅग्फा क्लिक-३ सारख्या एकाच वेगाच्या शटरच्या कॅमेऱ्यात तो भर उन्हातच वापरावा.

एकाच गठ्ठ्यातले चार रोल मिळाले, तर एक आधी चाचणीला खर्ची घालावा. उरलेले फ्रिजमध्ये ठेवावेत आणि बाहेर काढल्यावर तासभर डबी उघडू नये. गार फिल्मवर लगेच दव धरते.