कडे, तांब्या-पितळेचे
मनगटात घालावयाचा वलयाकार अलंकार. शुद्ध तांबे मऊ असल्याने त्याचे कडे सहज वाकते. तांबे व जस्त यांची मिश्रधातू असलेले पितळ अधिक कठीण असते. दोहोंस लोहचुंबक आकर्षित करीत नाही. त्यामुळे मुलामा दिलेले लोखंडी कडे ओळखता येते. निवडताना टोके गुळगुळीत आहेत, हे पाहावे.

हवा व घाम यांमुळे कडे काळवंडते आणि त्यावर हिरवट जंगाल चढतो. त्वचेवर उमटणारा हिरवा डागही याच विक्रियेमुळे पडतो व साबणाने निघतो. चिंच किंवा लिंबू यांतील अम्लाने कडे उजळते. नंतर ते धुवून कोरडे पुसावे. अम्लात फार वेळ राहिल्यास पितळेतील जस्त निघून जाऊन ते तांबूस दिसते. मुलाम्याचे कडे घासू नये.

तांब्याच्या कड्याने संधिवात शमतो, असा समज रूढ आहे. तथापि ब्रिटनमध्ये संधिवाताभ संधिशोथाच्या ७० रुग्णांवर झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वेदना, सूज वा रोगाची वाढ यांवर त्याचा उपयुक्त परिणाम आढळला नाही. त्यामुळे अलंकार म्हणून कडे वापरण्यास हरकत नसली, तरी त्याच्या भरवशावर औषधोपचार लांबविणे सांध्यांस कायमची हानी पोहोचवू शकते.