मामांचा हात आणि नवा संगणक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-डागडुजी बंद झाली, तेव्हां आमच्या घरच्या जुन्या संगणकाचें काय करावें हा प्रश्न पडला. विंडोज ११ त्याला पेलण्यासारखी नव्हती. धडधाकट यंत्र टाकून देणें जिवावर आलें, म्हणून आम्हीं त्यावर लिनक्स बसविली आणि स्वतःवरच खूष झालों. मामांना मात्र तें भोंवलें.

मामा गेलीं बारा वर्षें घराण्याचीं जुनीं मोडी पत्रें नातलगांकडून मागून आणतात, त्यांचीं छायाचित्रें घेऊन संगणकांत सालवार लावतात आणि पत्रें ज्यांचीं त्यांना परत करतात. या वेळीं वाईच्या चुलतभावाकडील ऐंशी पत्रें आलीं होतीं. मामांनीं दोन खिडक्या शेजारींशेजारीं उघडल्या, डावीकडचीं चित्रें निवडलीं आणि एफ-५ ही कळ दाबली. खिडकी क्षणभर लुकलुकली. नक्कल झाली असें समजून त्यांनीं कॅमेऱ्याचें कार्ड कोरें केलें; पत्रें वाईला गेलीं. चार दिवसांनीं पाहतात तों उजवीकडचा फोल्डर रिकामा!

“अरे, घर माझेंच, पण फडताळें कोणीं हलविलीं?” एवढेंच ते म्हणाले; पण नंतर आठवडाभर संगणकाकडे फिरकले नाहींत. आम्ही आपले ‘चार दिवसांत सवय होईल, मामा’ असें सांगून मोकळे झालों होतों, त्याची आम्हांला लाज वाटली.

मामांचा हात डॉसच्या काळांत नॉर्टन कमांडरवर तयार झाला. जॉन सोचा यांचा हा फाईल-मॅनेजर १९८६ सालीं निघाला. निळ्या पडद्यावर दोन कप्पे. एकांतून उचलावें, दुसऱ्यांत ठेवावें. टॅबनें या कप्प्यांतून त्या कप्प्यांत जावें, एफ-५ नें नक्कल, एफ-६ नें हलविणें, एफ-७ नें नवा फोल्डर, एफ-८ नें पुसणें. माउसची गरजच नाहीं. पुढें विंडोजवर क्रिस्टियन गिस्लर यांच्या टोटल कमांडरनें हीच रीत चालविली, म्हणून मामांच्या बोटांना कधीं अडलें नाहीं. परंतु आम्हीं दिलेल्या नव्या खिडकींत एफ-५ चा अर्थ ‘यादी पुन्हां दाखव’ एवढाच होता.

अशीं सोंगें इतर कळाही घेतात. विंडोजमध्यें एंटर दाबल्यास फाईल उघडते. मॅकच्या फाइंडरमध्यें तिचें नांव बदलूं लागतें. बॅकस्पेस विंडोज एक्सपींत वरच्या फोल्डरांत नेत असे. व्हिस्टापासून ती मागें पाहिलेल्या जागीं नेते. केडीईच्या डॉल्फिनमध्यें पूर्वीं एका टिचकीनें फोल्डर उघडे. २०२४ च्या प्लाझ्मा ६ पासून, आपण बदल न केल्यास, दोन लागतात. ज्याचा हात बसलेला नाहीं त्याला यांत कांहींच वाटणार नाहीं.

तेव्हां आमच्या मतें फाईल-मॅनेजर निवडतांना त्याचें रूप मागाहून पाहावें. आधीं वापरणाऱ्याच्या शेजारीं तासभर बसून त्याचीं बोटें कोठें जातात तें टिपावें. विंडोजच्या एक्सप्लोररची संवय असणाऱ्यास नेमो किंवा डॉल्फिन पुरे; दोहोंतही एफ-३ नें दुसरा कप्पा उघडतो. मामांसाठीं आम्हीं डबल कमांडर घेतला. तो विनामूल्य आहे आणि विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर चालतो. एकच अडचण आली: आल्ट-एफ-२ नें उजव्या कप्प्याची ड्राइव्ह निवडण्याची मामांची संवय, पण ती जोडी आमच्या लिनक्सनें आधींच दुसऱ्या कामासाठीं राखलेली. तीही सेटिंग्जमधून बदलतां आली.

कार्तिकी एकादशीनंतर मामा पुन्हां वाईला जाऊन आले. एफ-५ दाबतांच नक्कल कोठें करावयाची हें विचारणारी चौकट उघडली, तेव्हां त्यांनीं चष्म्यावरून आमच्याकडे एकदां पाहिलें. मग उजव्या कप्प्यांतील चित्रें मोजलीं. ऐंशी भरलीं. कार्ड मात्र त्यांनीं अद्याप कोरें केलेलें नाहीं.