केंद्राचा कायदा राज्याला नाकारता येतो काय?

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यासारख्या गावातील शेतकऱ्याचे धान विक्रीला निघते, तेव्हा त्याचा हमीभाव केंद्र सरकारने ठरवलेला असतो, आधारभूत खरेदी केंद्र राज्याची यंत्रणा चालवते, आणि तेच धान बाजार समितीच्या आवारात गेले तर त्यावरील सेस, आडत व मापाईचे नियम राज्याच्या १९६३ च्या पणन कायद्यातून येतात. धानाच्या एका पोत्यावर अशी दोन सरकारांची सत्ता चालते आणि २०२० साली तिच्याच सीमारेषेवर वाद पेटला.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती व बाजार हे विषय राज्यसूचीत आहेत. मात्र १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने अन्नधान्याचा व्यापार समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्य या दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांत, व्यापक रूपात आला. याच नोंदीच्या आधारे केंद्राने जून २०२० मध्ये अध्यादेश व सप्टेंबरमध्ये कायदे करून बाजार समितीच्या आवाराबाहेरील व्यापार सेसमुक्त केला. महाराष्ट्राच्या पणन संचालकांनी ऑगस्टमध्ये या अध्यादेशांच्या अंमलबजावणीचा आदेश काढला होता. त्याला पणनमंत्री बाळासाहेब पाटील यांनी सप्टेंबरअखेर स्थगिती दिली. राज्याने केंद्राचा कायदा धुडकावला, असा समज त्यातून पसरला. पण स्थगिती मिळाली होती ती राज्याच्याच एका अधिकाऱ्याच्या आदेशाला, संसदेच्या कायद्याला नव्हे.

केंद्राचा कायदा खरोखर धुडकावण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला होता. १८३२ साली साउथ कॅरोलायना राज्याने केंद्राचे आयातकर आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवले, तेव्हा अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी तो अधिकार साफ नाकारला. १८३३ मध्ये लष्करी बळाची तरतूद आणि करकपात अशा दुहेरी उपायाने तो पेच मिटला. भारतीय घटनेने तर असा दावा करायला जागाच ठेवलेली नाही, कारण अनुच्छेद २५६ नुसार राज्याने आपली कार्यकारी सत्ता संसदेच्या कायद्यांचे पालन होईल अशाच रीतीने वापरायची असते. राज्याला दोन सनदशीर मार्ग मात्र खुले आहेत : अनुच्छेद १३१ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात दावा करणे, किंवा समवर्ती विषयावर वेगळा कायदा करून अनुच्छेद २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती मिळवणे, ती मिळाल्यास त्या राज्यापुरता राज्याचा कायदा वरचढ ठरतो, जरी संसद पुढे तोही बदलू शकते. अर्थात राष्ट्रपती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालत असल्यामुळे हा दरवाजा प्रत्यक्षात केंद्राच्याच हाती राहतो, आणि संघराज्याच्या रचनेतील हे उणेपण मान्य केलेच पाहिजे.

गोंदियाशेजारच्या छत्तीसगडने ऑक्टोबर २०२० मध्येच आपल्या मंडी कायद्यात दुरुस्ती केली. महाराष्ट्राने मात्र तीन दुरुस्ती विधेयके विधानसभेत मांडली ती जुलै २०२१ मध्ये, तीही लोकांच्या हरकतींसाठी. तोवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या कायद्यांना जानेवारीतच स्थगिती दिली होती आणि पुढे नोव्हेंबरमध्ये संसदेने ते मागे घेतले. ही विधेयके स्थगितीच्या आदेशाबरोबरच सभागृहात यायला हवी होती, कारण धान उत्पादकाच्या हक्काचा प्रश्न विधिमंडळात चर्चेने सुटायचा असतो, मंत्रालयातील आदेशाने नव्हे.