लक्षद्वीप : लगूनमधील जलक्रीडा आणि प्रवाळांची सहनशक्ती

अरबी समुद्रातील लक्षद्वीप या केंद्रशासित प्रदेशात ३६ बेटे असून त्यांपैकी केवळ १० बेटांवर कायम वस्ती आहे. जमिनीचे एकूण क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर. मात्र बेटांलगतच्या लगूनचे क्षेत्र सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर आहे. येथील पर्यटन जमिनीपेक्षा पाण्यात का रुजले, याचे उत्तर या आकड्यांतच आहे.

लगून म्हणजे प्रवाळांच्या कड्याने खुल्या समुद्रापासून अलग केलेला उथळ जलाशय. समुद्राच्या लाटा या कड्यावर फुटतात व आतील पाणी शांत राहते. त्यामुळे कदमत, बंगारम येथे नवख्यालाही कयाक वल्हवता येते किंवा मुखवटा व श्वासनळी लावून प्रवाळ न्याहाळता येतात. स्कूबा डायव्हिंगचे शास्त्र मात्र कडक आहे. दर १० मीटर खोलीमागे एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि श्वासातील नायट्रोजन रक्तात अधिक विरघळतो. पाणबुड्या झपाट्याने वर आला, तर त्याच वायूचे बुडबुडे शरीरात तयार होऊन जिवावर बेतू शकते. याच कारणास्तव डायव्हिंगनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावयाचा असतो. अगत्तीहून विमानाने परतणाऱ्यांनी शेवटचा दिवस कयाकसाठी राखलेला बरा.

जानेवारी २०२४ मधील पंतप्रधानांच्या भेटीनंतर या बेटांविषयीचे कुतूहल एकाएकी वाढले. प्रश्न आहे तो धारणक्षमतेचा. बेटांवर नदी नाही. पावसाचे पाणी वाळूत मुरते व खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो. उपसा वाढला की विहिरी मचूळ होतात. कवरत्ती येथे २००५ मध्ये समुद्राच्या तापमानातील फरकावर चालणारा, दररोज एक लाख लिटर गोडे पाणी देणारा प्रकल्प उभारला गेला, तो याच निकडीतून. प्रवाळांची स्थिती अधिक नाजूक आहे. पाणी प्रमाणाबाहेर तापले की प्रवाळ आपल्या पेशींतील अन्न पुरविणारी शैवाले बाहेर टाकतात व पांढरे पडतात. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये असे घडले. २०२४ च्या उन्हाळ्यातही त्याची पुनरावृत्ती झाली. अशा दुबळ्या प्रवाळांवर पर्यटकाने पाय देणे वा नौकेचा नांगर टाकणे हा दुहेरी आघात ठरतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये प्रवाळांना संरक्षण आहे. परंतु कायदा पाण्याखाली लक्ष ठेवू शकत नाही, ते काम प्रशिक्षित स्थानिक मार्गदर्शकच करू जाणे. प्रवेश परवान्याची अट अनेकांना जाचक वाटते. मर्यादित खाटा आणि मर्यादित प्रवासी हे येथे मागासलेपणाचे लक्षण मानण्याचे कारण नाही.

शिवाय लगून ही केवळ क्रीडांगणे नव्हेत. गळ आणि काठीने कुपा मासा पकडणारे येथील मच्छीमार आमिषासाठी लागणारे जिवंत लहान मासे याच उथळ पाण्यातून पहाटे गोळा करतात, आणि मगच त्यांच्या नौका खोल समुद्राकडे वळतात.